सुलभाचा खटला अजून चालू आहे

नव्या पेठेत चहा घेताना ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’वरून आमच्यात दोन तट पडले. जुस्तिन त्रिए या दिग्दर्शिकेचा हा 2023चा फ्रेंच थ्रिलर. नवरा घरावरून पडून मरतो आणि लेखिका असलेल्या बायकोवर खटला चालतो. तिने मारलं की नाही, इथून सुरू झालेला वाद बघता बघता ती बायको म्हणून कशी होती, यावर आला. सिनेमातल्या कोर्टातही हेच होतं. नवराबायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग, तिची कादंबरी, तिचे संबंध, सगळाच पुरावा ठरतो.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेल्या जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ 1982 साली आला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तिच्यावर विजय तेंडुलकरांची पटकथा. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते. त्यासाठी वकील नवरा आणि लहान मुलगी यांना घरी ठेवून परगावी जाते. परतल्यावर नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध असल्याचं कळतं. ती पुन्हा घराबाहेर पडते.

तेव्हाही प्रेक्षक दुभंगले. पण वाद अडला तो आईने मुलीला सोडून जावं का, यावर. नवऱ्याचं वागणं बाजूलाच राहिलं.

तुम्हीच बघा, परगावची ती नोकरी नवऱ्याला लागली असती तर? मुलगी घरी, बाप बाहेरगावी. त्यावर कुणी सिनेमाच काढला नसता.