दार लोटलेलं, दार लावलेलं

आमच्या घरात ‘पॉश’ हा शब्द आणला आत्यानं. साल १९६२ किंवा ६३ असेल. ती गिरगावातल्या चाळीत राहायची, आम्ही दादरला हिंदू कॉलनीजवळ. गौरी-गणपतीला माहेरी आली की चपला काढता काढताच आईला म्हणायची, ‘‘तुमचं काय बाई वहिनी, पॉश वस्ती!’’ यातली गंमत मला फार उशिरा कळली. आत्याच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं; माझे वडील कचेरीत कारकून. गौरींच्या ओटीचं लुगडं दुकानातून यायचं आणि आम्ही ते मुकाट्यानं घ्यायचो. पैसा तिच्याकडे होता. मग पॉश आम्ही कसे?

वडील गेल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या. त्या चाळताना हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागला, आणि त्याचं उत्तर शोधत मी मुंबईच्या घरांच्या इतिहासात शिरले.

शब्दाबद्दल आधी थोडं. ‘पॉश’ची जन्मकथा थेट मुंबईच्या बंदराशी जोडली जाते. विलायत ते मुंबई बोटीच्या प्रवासात श्रीमंत साहेबलोक सावलीच्या बाजूच्या केबिनी घेत, जाताना डावीकडच्या, परतताना उजवीकडच्या. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. कथा इतकी बेतशीर आहे की खोटी वाटावी, आणि ती खोटी असावी असंच कोशकार मानतात. अशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. पण ऊन कुणी खायचं आणि सावली कुणाला, हा हिशेब या शब्दाला लोकांनी आपणहून चिकटवला, याला मात्र अर्थ आहे.

आमचं पॉशपण कशात होतं, ते आत्यानं स्वतःच एकदा सांगून टाकलं. ‘‘रात्री-अपरात्री डबा घेऊन गॅलरीतनं जावं लागत नाही, हे केवढं सुख!’’ दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि आत संडास. याला तेव्हा ‘ब्लॉक’ म्हणत. फ्लॅट हा शब्द नंतर रुळला. ‘अमक्यानं ब्लॉक घेतला’ या वाक्यात खोल्यांची संख्या दुय्यम असे. संडास आत आहे की बाहेर, हे त्यातलं न उच्चारलेलं वाक्य.

आजीला मात्र हे सुख पटलं नव्हतं. ती कोकणातली. आपल्या भाषेत ‘परसाकडे जाणं’ म्हणतात, म्हणजे घरामागच्या परसात, घरापासून लांब. अंतर शब्दातच भरलेलं आहे. देवघरापासून दहा पावलांवर शौचकूप ही कल्पना तिला किळसवाणी वाटे. आई सांगायची, पहिले काही महिने आजी जाऊन आली की प्रत्येक वेळी अंगावरून पाणी घ्यायची आणि पाण्याचा नळ कारण नसताना चालू राहायचा. आज ज्याला आपण सोय म्हणतो ते एका पिढीनं असं नाक मुठीत धरून स्वीकारलं. निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ या पुस्तकात दादर-माटुंग्याच्या अशा घरांचा इतिहास मांडला आहे. तो वाचताना मला सारखी आजीच दिसत होती.

तिची किळस आकाशातून पडली नव्हती. जुन्या मुंबईत इमारतींच्या मागच्या अंगाला अरुंद बोळ असत, हाउसगल्ल्या. संडास त्या बाजूला, खाली टोपली, आणि मैला उचलून नेणारा माणूस त्या बोळातून येणार-जाणार. तो कोणत्या जातीचा असे हे सांगायला नको. १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी ‘हलालखोर कर’ नावाचा वेगळा करच होता. एका जातीच्या नावाचा कर आणि एका जातीच्या वाटेची गल्ली: शहरानं घाण आणि माणूस एकाच खात्यात लिहून ठेवले होते.

१८९६ च्या प्लेगनं हे चित्र हलवलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणं, रस्ते रुंद करणं ही कामं त्यानं केलीच. शिवाय दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी घेऊन तिथे नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. रुंद रस्ते, झाडं, जमिनीखालून गटार. फ्लश आला, टोपली गेली, आणि संडासाला घरात यायला वाट मिळाली.

ही वाट सगळ्यांसाठी मात्र नव्हती. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्यानं कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. नायगावच्या बीडीडी चाळी आमच्या घरापासून पायी फार तर वीस मिनिटांवर. तेच शहर, तेच सरकार. गिरणीतल्या माणसाला संडास आत लागत नाही आणि कचेरीतल्याला लागतो, हे कुणीतरी नकाशावर ठरवलं होतं.

वस्ती पॉश व्हायला पैशाखेरीज आणखी काय लागे, ते पुढे उघडच दिसतं. गावदेवीतली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची. सहकारी तत्त्वावरच्या घरबांधणीची ही देशातली आद्य संस्थांपैकी एक, आणि तिचं नावच सभासदांची जात सांगतं. सहकार आधुनिक, शेजार मात्र आपलाच. उलट बाजूला डॉ. आंबेडकरांचा पत्ता पाहा. परळच्या ट्रस्टच्या चाळीत ते वीसेक वर्षं राहिले, लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी मिळवून आल्यावरही बिऱ्हाड तिथेच होतं. १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीत राहायला आले ते भाड्याच्या ब्लॉकमध्ये नव्हे, स्वतः बांधलेल्या ‘राजगृहा’त. मी लहानपणी त्या घरावरून शाळेत जायचे. आमच्या घरी त्याचा उल्लेख मोठ्या आदरानं होई, आणि तरीही आमच्या इमारतीतल्या पाट्यांवरची सगळी आडनावं एकाच प्रकारची होती. हे विसंगत आहे असं तेव्हा कुणालाच, मलाही, वाटलं नव्हतं.

आम्ही तिथे टिकलो ते १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे. भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं. पत्ता पॉश, पगार कारकुनी, असा एक आख्खा वर्ग या कायद्यानं जपला. आमच्याकडे चहाला दोन जातींच्या कपबशा होत्या, पाहुण्यांच्या आणि घरच्या. पाहुण्यांच्या सहाच होत्या, म्हणून सातवा पाहुणा आला की आई चहा नको म्हणायची.

आणखी एक फरक होता दाराचा. आत्याच्या चाळीत दार दिवसभर लोटलेलं असे, लावलेलं नसे. कुणीही ‘आहेस का गं?’ म्हणत आत यायचं. आमचं दार लावलेलं असे, त्यावर घंटी आणि वडिलांच्या नावापुढे ‘बी. ए.’ अशी पितळी पाटी. आत्या ती घंटी कधीही वाजवायची नाही. दारावर थाप मारायची. आईला ते गावंढळ वाटे. आता वाटतं, आत्याला आमच्याकडे पाहुणी व्हायचं नव्हतं.

पण आमच्या ब्लॉकला आणखी एक दार होतं. संडासाच्या बोळातून बाहेर उघडणारं, मागच्या गोल लोखंडी जिन्यावर. हाउसगल्ली गेली होती, टोपली गेली होती. जिना राहिला होता. रोज सकाळी एक बाई त्या जिन्यानं चार मजले चढून यायची, संडास धुवायची, तशीच उतरून जायची. पुढच्या जिन्यानं मी तिला कधी पाहिलं नाही. आजी तिच्यासाठी दारातून वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी ठेवायची, हातात द्यायची नाही. मी ते पाहायचे आणि मला त्यात काही खटकायचं नाही.

वडिलांच्या वह्यांत दर वर्षी दिवाळीच्या पोस्तीचं एक पान आहे. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, धोबी, इस्त्रीवाला. प्रत्येकाचं नाव आणि पुढे रक्कम. नावं बदलली की वडिलांनी जुनं खोडून नवं लिहिलं आहे, इतके ते काटेकोर. त्या बाईचं नाव मी १९५४ पासून १९७८ पर्यंतच्या सगळ्या पानांवर शोधलं. पानाच्या तळाशी दर वर्षी एकच ओळ आहे, निळ्या शाईत: ‘मागचा जिना – रु. २’. एका वर्षी, १९६८ साली, दोनाचे तीन झाले आहेत.