धिम्या कादंबरीचं वेळापत्रक

शांता शेळके यांनी लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा ‘चौघीजणी’ हा अनुवाद केला आणि मेग, ज्यो, बेथ, ॲमी या चार बहिणी मराठी घरांत वाढल्यासारख्या आपल्या झाल्या. तरीही हे पुस्तक हाती घेणारे कितीतरी जण शंभरेक पानांवर अडखळतात. घरकाम, शिवण, रुसवेफुगवे, युद्धावर गेलेल्या वडिलांची पत्रं. पुढे काही घडतच नाही, ही त्यांची तक्रार. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पूर्वीच्या वाचकांना धीर होता, आताच्यांना नाही. मला हे उत्तर पटत नाही. पूर्वीचा वाचक आपल्याहून सोशिक होता असं नाही. कादंबरी त्याच्या हाती पडायची तीच मुळी थोडीथोडी. तो धीर वाचकाच्या स्वभावात कमी आणि वाचनाच्या रिवाजात जास्त होता.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९३ साली पुस्तक झाली, पण त्याआधी ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. यमूचं बालपण, लग्न, वैधव्य हे सारं वाचकांनी हप्त्याहप्त्याने, म्हणजे स्वतःचे दिवस जगता जगता वाचलं. ‘लिटल विमेन’चंही तेच. पहिला भाग १८६८ मध्ये आला, दुसरा १८६९ मध्ये. मधल्या काळात वाचक मुली अल्कॉटला पत्रं लिहून विचारत होत्या, या बहिणींची लग्नं कुणाशी होणार? पात्रं नजरेआड असतानाही मनात वाढत राहिली, ती या खंडामुळे.

मुंबईच्या उपनगरांत कादंबरी थोडीथोडी वाचायला लावण्याचं हे काम ग्रंथालयांनी केलं. अंधेरीला लागूनच असलेल्या पार्ल्यात १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला आणि त्याचं ग्रंथालय या भागातल्या मराठी वाचनाचा आधार झालं. १९२८ मध्ये विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत धावू लागल्या आणि कामासाठी शहरात जाऊन रात्री घरी परतणारा नोकरदार इथे स्थिरावत गेला. अशा घरात ग्रंथालयाचं पुस्तक एकट्याचं नसतं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का असतो, आणि त्या तारखेच्या आत ते घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरवायचं असतं. कुणाच्या वाट्याला दुपार येते, कुणाच्या वाट्याला रात्र. पुस्तक संथ असलं तरी पुढे सरकतं, कारण तारीख ठरलेली असते.

यावर कुणी म्हणेल, क्रमशः छापल्यामुळेच या कादंबऱ्या पाल्हाळिक झाल्या. आपट्यांवर हा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण सगळाच संथपणा पाल्हाळ नसतो. बेथला पहिल्या भागात लाल ताप येतो आणि ती त्यातून उठते. तिचा मृत्यू दुसऱ्या भागात, काही वर्षांनी येतो. मधल्या पानांत ती फक्त थोडी अधिक गप्प, थोडी अधिक थकलेली दिसते. घरच्यांच्या लक्षात ते हळूहळू येतं, तसंच वाचकाच्याही. ही पानं गाळली तर मृत्यूची बातमी उरते, बहीण उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की आज एवढा वेळ कुणाकडे आहे? याचं उत्तर अंधेरीतच मिळतं. १९९४ साली स्थापन झालेल्या बालाजी टेलिफिल्म्सचं कार्यालय इथलंच, आणि कुटुंबाच्या न संपणाऱ्या गोष्टी रोज थोड्याथोड्या पुरवण्याचा धंदा याच परिसरात भरभराटला. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून तीन हजारांहून अधिक भाग चालली. रोजचा ठरलेला वेळ मिळाला की माणसं संथ गोष्टीला वर्षानुवर्षं जागा देतात. फरक एवढाच की मालिकेला संपायचं नसतं, म्हणून ती तिथल्या तिथे फिरत राहते. कादंबरीत मात्र बहिणी खरोखर मोठ्या होतात.

म्हणून ‘चौघीजणी’ अर्ध्यावर सोडणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये, वेळापत्रक बदलावं. मूळ पुस्तकाची प्रकरणं ४७. अंधेरीहून चर्चगेटला जाणारी धीमी लोकल वाटेत १४ स्टेशनं घेते; तेवढ्यात एक प्रकरण सहज होतं. रोज एकच वाचलं तर साधारण चाळीस दिवसांनी, बेथच्या जाण्याशी पोचताना, तिची सोबत आपल्यालाही कित्येक आठवड्यांची झालेली असेल.