एक टरेट कमी : देवळीतली आयएनएस दिल्ली

आजचा भाग छोटा आहे, एका छोट्या जहाजाचा.

मी राहतो देवळीत, वर्धा जिल्ह्यात. मुंबईचा समुद्र इथून सातशे किलोमीटरच्या वर. मे महिन्यात तर ब्रशवरचा रंग प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आधीच वाळतो. शेजारचे काका बघून म्हणाले, "इथं नदी आटली, अन् तू जहाज बनवून राहिला?"

किट आहे एअरफिक्सचं, मूळ जहाजाच्या सहाशेपट लहान. डब्यावर नाव 'एजॅक्स'. मला मात्र बनवायची होती आयएनएस दिल्ली. हे कसं जमायचं? तर एजॅक्स आणि अकिलीज या ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गातल्या दोन क्रूझर, सख्ख्या बहिणीच म्हणा. आणि अकिलीज हीच पुढे आपली दिल्ली झाली.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिकेजवळ, रिव्हर प्लेटच्या लढाईत या दोघी आणि एक्सेटर मिळून जर्मनीच्या ग्राफ श्पेला भिडल्या. तिच्या तोफा ११ इंची, या दोघींच्या ६ इंची. तरी चार दिवसांनी जर्मन कप्तानानं स्वतःचंच जहाज माँटेव्हिडिओजवळ बुडवलं. अकिलीजवर तेव्हा बरेच खलाशी न्यूझीलंडचे होते.

आता खरी गोष्ट. किटमध्ये चार टरेट येतात. टरेट म्हणजे तोफांचं फिरतं घर, प्रत्येकात दोन तोफा. दिल्लीवर मात्र तीनच होती. कारण जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या दोनपैकी पुढच्या टरेटवर पडला. १३ जण गेले. दुरुस्तीत ते टरेट कायमचं काढलं आणि तिथं विमानविरोधी तोफा बसवल्या. ५ जुलै १९४८ ला जहाज भारताकडे आलं, ते असं.

खरं सांगतो, ते टरेट न लावायला माझा हात धजेना. चार टरेट लावले की जहाज कसं भरदार दिसतं! २८ सेंटीमीटरच्या मॉडेलमध्ये कोण मोजणार? पण या मापात माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा. ते १३ जण इथं दिसणार नाहीतच. त्यांची एकच खूण उरते, ती म्हणजे ही रिकामी जागा. तीच बुजवली तर मग मी बनवतोय काय? नुसतं खेळणं.

शेवटी जागा घासून सपाट केली. पहिल्याच झटक्यात डेकचा कोपरा उडाला, तो पुट्टीनं भरला. ज्या काड्यांना सुटे भाग जोडून येतात, त्यांच्याच तुकड्यांतून लहान तोफा कोरल्या. एक काडी मेणबत्तीवर गरम करून ताणली, तर केसासारखी तार निघाली. ती डोलकाठीला लावली.

दिल्ली १९६१ मध्ये दीवच्या मोहिमेत होती. त्याआधी १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात तिनं स्वतःचीच, म्हणजे अकिलीजची भूमिका केली! १९७८ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईत मोडीत निघाली. पण सगळ्यात मागचं टरेट भारतानं न्यूझीलंडला भेट दिलं. आजही ते ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर आहे.

आणि माझं उरलेलं टरेट? काडेपेटीत ठेवलंय. काकांनी विचारलं, "हे लावायचं राहिलं का?"

मग त्यांनाही ही गोष्ट सांगितली. चहा गार झाला, पण काका उठले नाहीत.

भेटू पुढच्या भागात!