सावलीचा विटाळ आणि पनवेलची बय

मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. मी राहतो पळस्पे फाट्याजवळ, जिथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला गोव्याचा रस्ता फुटतो. इथे रात्री दोन वाजताही शांतता नसते.

आजचा विषय सुचला तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. एका काकांनी मेसेज टाकला, की अमुक समाजाच्या लोकांना आपल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. पाठोपाठ सात-आठ अंगठे. माझं डोकं सटकलं आणि मी काकांच्या शुद्धलेखनावर एक जोक मारला. लोक हसले, मलाही भारी वाटलं. पण झालं काय? काका दुखावले, गप्प बसलेले दोघं-तिघं त्यांच्या बाजूने बोलायला लागले, आणि तो नियम होता तिथेच राहिला. म्हणजे जोक हिट, काम फेल.

मग मी शोधायला बसलो, की द्वेषाला हसून उत्तर दिलं आणि ते लागू पडलं, असं कोणी केलंय का. उत्तर सापडलं पनवेलमध्येच, रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ.

प्रबोधनकार ठाकरे, म्हणजे केशव सीताराम ठाकरे, यांचा जन्म पनवेलचा, १७ सप्टेंबर १८८५. त्यांच्या आजीला सगळे ‘बय’ म्हणायचे. बय सुईण होती, अडलेल्या बाईकडे जात न विचारता धावून जायची. लहान केशव एकदा शाळेतून येत होता आणि एका महाराची सावली त्याच्यावर पडली. झालं, सोबतच्या पोरांनी गलका केला, ठाकरे विटाळला! बयने काय करावं? तिने पोरांना झापलं नाही, प्रवचनही दिलं नाही. तिने त्यातल्या एका ब्राह्मण मुलाला धरून त्याची सावली नातवावर पाडली. महाराच्या सावलीने माझा नातू महार होत असेल, तर घ्या, आता तो ब्राह्मण झाला!

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला यात टेस्टिंग दिसतं. बयने नियम मोडला नाही. नियम खरा मानला आणि शेवटपर्यंत चालवून दाखवला, आणि तो तिथेच क्रॅश झाला. कारण त्या नियमात विटाळ ट्रान्सफर होतो, पावित्र्य होत नाही. एकेरी वाहतूक! आणि हसू कोणाचं झालं? त्या पोराचं नाही, नियमाचं. मी काकांचं केलं होतं.

हा गुण नातवात उतरला. मुंबईत हुंड्याविरुद्ध चळवळ करताना प्रबोधनकार आणि त्यांचे तरुण साथीदार हुंडा घेणाऱ्यांच्या लग्नावर गाढवाची वरात न्यायचे. मला त्याचा अर्थ असा लागतो: नवरदेव विकायलाच काढलाय ना, मग बाजार पूर्ण भरू द्या.

पण विनोद काय फक्त चांगल्या माणसांच्या मालकीचा नाही. पुण्यात सनातन्यांनी प्रबोधनकारांच्या दारात मेलेलं गाढव आणून टाकलं. त्याच्या आधी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती, आणि काढणारे हसतच असणार. त्या हसण्यात कुठला युक्तिवाद शोधून सापडत नाही. एका माणसाला ‘तू मेलास तर बरं’ एवढंच सांगायचं होतं.

बयच्या पद्धतीचा एक ताजा नमुना जर्मनीतला आहे. बव्हेरियातलं वुन्झीडेल हे छोटं गाव. हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याला तिथे पुरलं होतं, म्हणून नवनाझी दरवर्षी तिथे मोर्चा काढायचे. बंदी, निदर्शनं, सगळं करून झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये वेगळंच केलं. नाझी जितके मीटर चालतील, तितक्या मीटरला १० युरो देणगी, आणि पैसे जाणार नाझी टोळ्यांमधून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला! रस्त्यावर प्रोत्साहनाचे संदेश रंगवले, वाटेत खायला केळी ठेवली, शेवटी आभाराचा फलक. १०,००० युरो जमले. चाला ना बाबांनो, अजून चाला.

आता खरं सांगायचं तर, हसण्याने सगळं सुटत नाही. आमच्या फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलात, की पुढे महाड येतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर काठ्या चालल्या, आणि मग सवर्णांनी तळ्यात गोमूत्र आणि शेण घालून ते ‘शुद्ध’ केलं. माणसाच्या हाताने बाटणारं पाणी शेणाने शुद्ध होतं, हा नियम स्वतःच एक विनोद आहे. पण डोकं फुटलेल्या माणसाला तो ऐकवून काय उपयोग? तिथे सत्याग्रह लागतो, कायदा लागतो, कोर्ट लागतं. त्या तळ्यावरचा कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं.

आमच्या ग्रुपवर अजून काठ्या नाहीत, फक्त अंगठे आहेत. म्हणून मी परत लिहिलं: ‘नियम करायचा तर पूर्ण करू. त्या समाजाचा लिफ्ट मेकॅनिक, रविवारची बिर्याणी आणि पाण्याचा टँकर उद्यापासून बंद. टँकरसाठी दुसरा नंबर कोणाकडे आहे?’

तीन तास कोणी काही बोललं नाही. रात्री अकराला सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘टँकर बंद करू नका, बाकी मीटिंगमध्ये बघू.’ विषय अजून अजेंड्यावर आहे आणि अंगठे कोणीही मागे घेतलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये भेटले. त्या शुद्धलेखनाच्या जोकबद्दल मी सॉरी म्हटलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ते जाऊ दे. टँकर आला का बघ आधी.”