घरात दिव्यांग व्यक्ती आहे? मदतीसाठी कोणत्या दारी जावे?

वस्तीत घरोघरी माहिती घेताना एका घरी आम्हाला सतरा वर्षांचा मुलगा भेटला. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. स्वतः उठून बसता येत नाही, बोलणे फक्त आईला समजते. दाखला काढला आहे का, असे आम्ही विचारले. आई म्हणाली, "ताई, दाखल्यासाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. याला उचलून एसटीत चढवणार कोण?" सतरा वर्षांत त्या मुलाला सरकारकडून एक रुपयाही मिळाला नव्हता. योजना नव्हत्या असे नाही, त्या घरापासून योजनेपर्यंत सोबत जाणारे कोणी नव्हते.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. देशपातळीवर दिव्यांगांचे प्रमाण 2.21 टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्त्यांमध्ये इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे. कोणत्या कामासाठी कुठे जायचे, हे आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. जुन्या 1995 च्या कायद्यात फक्त 7 प्रकार होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्यातील पीडित हे आता कायद्यात आहेत. म्हणून "आमच्या मुलाचं अपंगत्व दिसत नाही, त्याला कोण दाखला देणार?" असे समजून घरी बसू नका.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मोबाइलवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात करून मिळतो. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा, रहिवासाचा पुरावा आणि असतील ते तपासणीचे कागद लागतात. मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तपासणीचे वार ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकाराचे तज्ज्ञ रोज नसतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. जुना कागदी दाखला असला तरी यूडीआयडीसाठी अर्ज करावाच लागतो.

बहुतेक योजनांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. टक्केवारी चुकीची वाटली तर अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. लहान मुलांचा दाखला बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा असतो. त्यावरील तारीख पाहून ठेवा, मुदत संपली की पुढचे लाभही अडतात.

मूल लहान असेल तर

मूल वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, आवाजाकडे वळत नाही, असे दिसले तर प्रथम अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. "मोठं झालं की बोलेल" या भरवशावर गेलेली पहिली दोन-तीन वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हटले तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात जा. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तिथे भेटतात. शाळेत जाणे शक्यच नसलेल्या मुलांना घरी येऊन शिकवण्याची तरतूदही आहे.

दरमहा आधार : तहसील कार्यालय

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यायचा. 65 वर्षांखालील, किमान 40 टक्के दिव्यांग व्यक्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. इतर निराधारांसाठी ती 21 हजार आहे. काही ठिकाणी सर्वांना 21 हजारच सांगून परत पाठवले जाते, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. अनुदानाची रक्कम शासन वेळोवेळी बदलते, चालू रक्कम अर्ज करताना विचारून घ्या. खाते आधारशी जोडलेले असावे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा. बंद पडलेली कितीतरी अनुदाने या दोन कारणांनी थांबलेली आम्ही पाहिली आहेत.

ग्रामपंचायत आणि नगरपालिकेचा निधी

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. याशिवाय ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी असतो. बौद्ध कुटुंबातील दिव्यांग व्यक्तीला दोन्ही निधींचा हिशेब विचारता येतो. गावच्या दिव्यांग नोंदवहीत नाव लिहून घ्या, गरज नमूद करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "निधी नाही" असे उत्तर आले तर माहिती अधिकारात अर्ज करा : गेल्या तीन वर्षांचे स्वतःचे उत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती, ते कोणावर खर्च झाले? अर्जाचे शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

साहित्य, प्रवास, विमा

तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिची शिबिरे जिल्ह्यात भरतात, तारखा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळतात. साहित्य मापाचे आहे का, हे शिबिरातच तपासा. मोठ्या मापाची व्हीलचेअर घरात नुसती धूळ खात पडते. एसटी प्रवासात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, त्यात थेरपीचा खर्चही येतो. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते.

अठरा पूर्ण झाल्यावर

मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. वरील चार प्रकारांत ज्यांना स्वतःचे निर्णय घेणे जमत नाही, त्यांच्यासाठी बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात आईवडिलांची सही चालेलच असे नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. "आमच्यानंतर याचं कसं?" हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांच्या मनात असतो. त्याचे सगळे उत्तर या कागदात नाही, पण सुरुवात इथूनच होते.

अडवणूक झाली तर

तक्रार लेखी द्या. दिव्यांग हक्कांच्या भंगाबद्दल पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक 15100. सांभाळणारी व्यक्ती खचली असेल तर टेलिमानसच्या 14416 वर मोफत बोलता येते. हा फोन आईसाठी आहे, बापासाठी आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

वस्तीने काय करावे

वर सांगितलेले प्रत्येक दार एकट्या कुटुंबाला जड जाते, चार माणसे मिळाली की ते उघडते. विहारात पौर्णिमेला लोक जमतात, तेव्हा एक वही काढा. कोणाच्या घरी कोण दिव्यांग आहे, दाखला आहे का, काय अडले आहे, याची नोंद त्या कुटुंबाला विचारून करा. मोबाइल चालवणाऱ्या दोन तरुणांवर अर्ज भरण्याचे काम सोपवा. तपासणीच्या दिवशी चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवा. महिला मंडळातील एकीने महिन्यातून एक दुपार त्या आईच्या घरी बसावे, म्हणजे तिला तालुक्याला जाता येईल. आणि विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा. जयंतीची वर्गणी जमा होते तेव्हा हा खर्च अवघड नसतो.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे कार्ड निघाले. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला तज्ज्ञ रजेवर होते, दुसऱ्या खेपेला आधारवरील नावात चूक निघाली. तिन्ही वेळा शेजारचे दोन मुलगे त्याला उचलून घेऊन गेले. तिसऱ्या खेपेहून परतल्यावर आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत हा पहिल्यांदा गावाबाहेर गेला. खिडकीतून नुसता बघत होता." अनुदानाचा अर्ज आता तहसीलमध्ये आहे. त्याचा पाठपुरावा आम्ही करत आहोत, आणि आता ते दोन मुलगेही करत आहेत.