नाडीवर उजळणाऱ्या दिव्यांची कुळकथा

मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातल्या ‘ला कोन्स्तान्सिया मेहिकाना’ या जुन्या कापडगिरणीत २००६ साली कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांची ‘पल्स रूम’ ही दिव्यांची कलाकृती पहिल्यांदा उजळली. छताला रांगांनी टांगलेले, पारदर्शक काचेचे, आत तार असलेले जुन्या पद्धतीचे बल्ब. एका कडेला स्टँड. त्यावरच्या मुठी धरल्या की सेन्सर नाडी टिपतो आणि जवळचा बल्ब त्याच लयीत उघडझाप करू लागतो. बल्बच्या तारेला तापायला आणि निवायला क्षणभर लागतो, म्हणून प्रकाश चढतो, उतरतो. लुकलुकण्यापेक्षा ते धडधडणंच वाटतं.

हात सोडला की सगळे दिवे क्षणभर विझतात. मग आपली लय रांगेतल्या पहिल्या बल्बवर जाते आणि आधी येऊन गेलेल्या प्रत्येकाची लय एक घर पुढे सरकते. शेवटच्या बल्बवर जी असेल ती कायमची पुसली जाते. बल्ब शंभर असोत की तीनशे, जितके बल्ब तितक्याच माणसांना त्या खोलीत जागा.

या खोलीचं कूळ शोधू गेलं तर दोन घराणी सापडतात. वडिलांकडचं घराणं यंत्रांचं आणि आजोळ गोष्टींचं.

यंत्रांच्या घराण्याचा एक ठळक पूर्वज पॅरिसचा. एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८६० साली मनगटावर बांधता येईल असं नाडीलेखक यंत्र बनवलं. धमनी उसळली की एक हलका दांडा हलायचा आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. त्याआधी वैद्याच्या बोटांना जे जाणवायचं, ते आता कुणालाही डोळ्यांनी पाहता येऊ लागलं.

कलेने हा ठोका हाती घेतला तो शतकभराने. न्यूयॉर्कमध्ये राहणारे फ्रेंच कलावंत ज्याँ द्युप्वी आणि इंजिनिअर राल्फ मार्टेल यांनी १९६८ साली ‘हार्ट बीट्स डस्ट’ घडवलं. काचेच्या पेटीच्या तळाशी ताणलेला रबरी पडदा, त्यावर हवेत बराच वेळ तरंगू शकणारी लाल भुकटी. स्टेथोस्कोप छातीला लावला की हृदयाच्या आवाजाने पडदा थरथरे, भुकटी उडे आणि प्रकाशाच्या झोतात तिचा लाल लोळ दिसे. कलावंत आणि इंजिनिअर यांना एकत्र आणणाऱ्या ‘एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेच्या स्पर्धेत या कामाला पहिलं पारितोषिक मिळालं, आणि ते इंजिनिअरच्या नावे होतं. हे मला फार न्याय्य वाटतं. पाहणाऱ्याचं शरीर कलाकृतीत आणायचं तर हात दोघांचेही लागतात.

आजोळाकडची वाट ग्रिम बंधूंच्या ‘मृत्यू धर्मपिता’ या लोककथेपाशी पोचते. मृत्यूच्या गुहेत प्रत्येक माणसाची एक मेणबत्ती जळत असते; कुणाची उंच, कुणाची विझत आलेली. बी. ट्रॅव्हन यांच्या लेखणीतून ही कथा मेक्सिकोत उतरली आणि १९६० साली रोबेर्तो गावाल्दोन यांनी तिच्यावर ‘माकारिओ’ हा चित्रपट केला. जन्मभर अर्धपोटी राहिलेला लाकूडतोड्या मृत्यूसोबत हजारो मेणबत्त्यांच्या गुहेत उभा राहतो, ते दृश्य लोझानो-हेमर यांनी ‘पल्स रूम’ची प्रेरणा म्हणून सांगितलं आहे.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली ती लोझानो-हेमर यांच्या स्वतःच्या घरात. पत्नीला जुळं होणार होतं. दोन अल्ट्रासाऊंड यंत्रांवर त्यांनी दोन्ही बाळांचे ठोके एकाच वेळी ऐकले. लयी वेगळ्या, कधी जुळत, कधी सुटत. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या संगीतात असंच घडतं. त्यांचं स्वतःचं, लोझानो-हेमर यांचं, शिक्षण रसायनशास्त्राचं. मोजमापाची त्यांना सवय होती. पण इथे मोजलेल्या ठोक्यांतून त्यांना मेळ ऐकू आला.

२००७ साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात मेक्सिकोच्या दालनात ही खोली उजळली आणि पुढे जगभर फिरली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००८ साली याच कल्पनेने हिरवळीवर प्रकाशझोत धडधडले.

माझ्या लेखी या कामाचं मोठेपण त्याच्या विसरण्यात आहे. आज मनगटावरचं घड्याळ दिवसरात्र आपले ठोके मोजतं आणि साठवतं. सेन्सर दोन्हीकडे ठोकाच टिपतो. फरक पडतो तो टिपलेल्याचं पुढे काय करायचं यात. या खोलीत नाव विचारलं जात नाही, ठोका भला की बुरा हे ठरवलं जात नाही. आपण दिलेली लय काही काळ अनोळखी माणसांच्या शेजारी जळते आणि नंतर येणाऱ्यासाठी जागा करून देते. मेणबत्तीच्या कथेतलं मरण आणि यंत्राची अचूकता यांतून लोझानो-हेमर यांनी हा नियम काढला. शरीर टिपणाऱ्या प्रत्येक यंत्राला ‘तू हे कधी पुसणार?’ असं विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आपण बजावायला हवा.