जाहिराती पाहून मुलं नशेपासून लांब राहतात का? १०० कोटी डॉलरच्या एका मोहिमेचा इतिहास

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये एक शीर्षक हमखास दिसतं: 'अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम : एक अभ्यास'. माझ्या पहिल्या प्रपोजलचं शीर्षकही असंच होतं. समितीतल्या एका मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "परिणाम म्हणजे कशाच्या तुलनेत?" मला उत्तर देता आलं नाही आणि प्रपोजल परत आलं. पुढचा महिनाभर मी जे वाचत बसले, त्यात अमेरिकेतल्या एका सरकारी मोहिमेचा इतिहास हाती लागला. मॅडमचा प्रश्न मला तिथे खऱ्या अर्थाने समजला. तोच इतिहास आज तुम्हाला सांगते.

सुरुवात १९८७ पासून करू. त्या वर्षी 'पार्टनरशिप फॉर अ ड्रग-फ्री अमेरिका' या संस्थेची एक जाहिरात टीव्हीवर आली. तापलेल्या तव्यात अंडं फोडलं जातं, ते तडतडतं आणि नशेने मेंदूचं असंच होतं असं सांगितलं जातं. जाहिरात प्रचंड गाजली. पण गाजणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमध्ये मारिजुआनाचा, म्हणजे गांजाचा, वापर पुन्हा वाढायला लागला होता.

म्हणून १९९८ मध्ये अमेरिकी संसदेच्या निधीतून एक राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. जबाबदारी व्हाइट हाउसच्या अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालयाची. जानेवारीत १२ शहरांत चाचणी झाली आणि जुलैत मोहीम देशभर गेली. सरकारने जेवढी जाहिरातीची वेळ विकत घ्यायची, तेवढ्याच किमतीची जागा माध्यमांनी फुकट द्यायची, अशी अट होती. १९९८ ते २००४ या काळात मोहिमेसाठी सुमारे १०० कोटी डॉलर मंजूर झाले.

आता संशोधकांच्या बाजूने विचार करा. मूल्यमापनाचं काम वेस्टॅट ही संशोधन कंपनी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं ॲननबर्ग स्कूल यांच्याकडे आलं. त्यांच्यासमोर दोन मोठ्या अडचणी होत्या.

पहिली अडचण, 'आधी'चा डेटा नव्हता. मुलाखतींची पहिली फेरी नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत जाहिराती देशभर दिसू लागून वर्ष उलटलं होतं.

दुसरी अडचण, कंट्रोल ग्रुपच नव्हता. मोहीम सगळ्या देशासाठी होती. पाहणीत ९४ टक्के मुलांनी आपण नशाविरोधी जाहिराती पाहिल्याचं सांगितलं. मग न पाहिलेली मुलं तुलनेला आणायची कुठून?

त्यांनी यातून काढलेली वाट नीट बघा, कारण तुम्हालाही कधीतरी तीच काढावी लागेल. पाहिलं आणि न पाहिलं अशी तुलना जमत नव्हती, म्हणून त्यांनी जास्त पाहिलं आणि कमी पाहिलं अशी तुलना केली. पण जास्त टीव्ही पाहणारं मूल इतर बाबतींतही वेगळं असू शकतं. कदाचित त्याचे आईवडील दिवसभर घरी नसतील. हा गुंता कमी करण्यासाठी त्यांनी प्रोपेन्सिटी स्कोअर वापरला, म्हणजे इतर बाबतींत शक्य तितक्या सारख्या मुलांचीच एकमेकांशी तुलना केली. त्याच मुलांना पुन्हा पुन्हा भेटून चार फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत ९ ते १८ वर्षांची ८,११७ मुलं होती आणि चौथ्या फेरीत ५,१२६. नाजूक प्रश्नांची उत्तरं मुलं लॅपटॉपवर एकटी देत, म्हणजे आईला ऐकू जाईल ही भीती नको. आणि मला सगळ्यात आवडलेली युक्ती: दाखवलेल्या जाहिरातींमध्ये कधीच प्रसारित न झालेल्या काही जाहिराती मिसळल्या होत्या. त्या 'पाहिल्याचं आठवतं' असं किती जण म्हणतात, यावरून आठवणीवर किती विश्वास ठेवायचा हे तपासता आलं.

निष्कर्ष काय आला? बहुतेक विश्लेषणांत मुलांवर काहीच परिणाम दिसला नाही. जिथे दिसला, तिथे तो उलटा होता. एका फेरीत जास्त जाहिराती पाहिलेल्या मुलांचा गांजा टाळायचा निश्चय पुढच्या फेरीत थोडा कमकुवत झालेला आढळला. तिसऱ्या फेरीत जास्त जाहिराती पाहिलेल्यांमध्ये चौथ्या फेरीपर्यंत गांजा सुरू करण्याचं प्रमाणही थोडं जास्त होतं. रॉबर्ट हॉर्निक आणि सहकाऱ्यांनी हे २००८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये मांडलं. त्यांनी सुचवलेलं एक संभाव्य कारण असं: 'नको, नको' असं सतत ऐकलं की मुलांना वाटतं, सगळेच करत असणार, नाहीतर एवढं कशाला सांगतील?

आता गंमत बघा. त्याच काळात इतर पाहण्यांमध्ये शाळकरी मुलांचा नशेचा वापर घटत होता. मोहीम चालवणाऱ्यांना ही घट आपल्या यशाचा पुरावा वाटणं साहजिक होतं. पण घट होणं आणि जाहिरातीमुळे घट होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींमुळे घट झाली असती, तर जास्त जाहिराती पाहिलेल्या मुलांमध्ये ती जास्त दिसायला हवी होती. तसं दिसलं नाही. २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हे मूल्यमापन तपासून ते विश्वासार्ह ठरवलं आणि मोहिमेचा निधी मर्यादित ठेवण्याची शिफारस केली.

मग जाहिराती निरुपयोगीच म्हणायच्या का? एवढ्यात ठरवू नका. २००० साली 'ट्रुथ' नावाची धूम्रपानविरोधी मोहीम सुरू झाली. तिने मुलांना उपदेश केला नाही, तर सिगारेट कंपन्या तुम्हाला कशा फसवतात ते दाखवलं. या जाहिराती वेगवेगळ्या टीव्ही क्षेत्रांत कमी-जास्त प्रमाणात पोहोचत होत्या. त्यामुळे संशोधकांना मुलांच्या आठवणीवर अवलंबून न राहता 'डोस' मोजता आला. १९९९ ते २००२ मध्ये विद्यार्थ्यांमधलं धूम्रपान २५.३ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. यातली सुमारे २२ टक्के घट या मोहिमेमुळे असावी, असा अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, सगळं श्रेय नाही, २२ टक्केच. सिगारेट आणि गांजा या गोष्टीही वेगळ्या, म्हणून दोन्ही मोहिमांची थेट तुलना करू नका. पण एकच एक 'जाहिरात' असं काही नसतं, संदेश कोणता आणि तो कोणाला, यावर बरंच ठरतं, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्याकडेही २६ जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, कॉलेजांतून रॅली निघतात, पोस्टर लागतात, शपथा होतात. तुमच्यापैकी कोणी यावर प्रपोजल लिहिणार असेल, तर रॅली संपल्यावर 'तुम्हाला उपक्रम उपयुक्त वाटला का?' असा फॉर्म भरून घेऊन थांबू नका. आवडलं का आणि वागणं बदललं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उपक्रमाच्या आधीची मोजणी ठरवा. तुलनेसाठी दुसरं कॉलेज किंवा दुसरी बॅच शोधा. उत्तर देणाऱ्या मुलाला खरं बोलायची भीती वाटणार नाही, अशी सोय करा. आणि निकाल उलटा आला तर तोही छापायची तयारी ठेवा. ज्या मुलांसाठी आपण हे करतो, त्यांचं नुकसान तर होत नाही ना, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

माझं दुसरं प्रपोजल पास झालं. त्यात शीर्षकापेक्षा तुलनेचा परिच्छेद मोठा होता. मॅडमनी तोच आधी वाचला.